व्हिसाच्या खिडकीत माझी मिशी

बाळंतपण करायला बाप जातो, असं आमच्या मालेगावात कोणी ऐकलेलं नव्हतं. मीही ऐकलेलं नव्हतं. पण लेक अमेरिकेत, पोटुशी, तिची माय गेलेली, आणि जाणारं दुसरं कोणी नाही. मग मीच जाणार. यात विचार करण्यासारखं काय आहे? फक्त अमेरिकेच्या सरकारनं हो म्हणायला पाहिजे होतं, आणि तिथं माझी मिशी आडवी आली.

मी चौथीपर्यंत शिकलो. वाशीमच्या रस्त्याला लागून माझं वावर आहे. त्यात वांगी, मेथी, सांबार करतो. सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर. एका तुकड्यात हळद असते. मी पिकवायचो आणि बायको बाजारात बसून विकायची. बोलण्यात ती माझ्यापेक्षा तिखट, म्हणून माल तिच्याच हातून खपायचा.

पासपोर्ट काढायचं तिच्याच डोक्यातून निघालं. लेकीचं लग्न झालं, जावई तिला घेऊन तिकडं गेले, आणि ही लगेच माझ्या मागं लागली. "एक दिवस पोरीचा फोन येईन, माय ये म्हनून. तवा कागदं गोया करत बसाचं का?" दोघांचे पासपोर्ट काढले. फोटोसाठी जन्मात पहिल्यांदा मी लोकांसमोर टोपी काढली. मिशी मात्र होती तशी, दोन्ही गालांवर आलेली. पासपोर्ट घरी आले तेव्हा तिनं आधी स्वतःचा पाहिला, म्हणाली, "चोरावानी दिसून राह्यली मी." मग माझा पाहिला. "तुमी तर थानेदार दिसता."

मग ती आजारी पडली, आणि ते दुखणं बरं होणारं नव्हतं. लेकीचा फोन आला तेव्हा ती खाटेवरच होती. पोरीला दिवस गेल्याचं ऐकून ती हसली, पदरानं तोंड पुसलं, आणि फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "तुमी जासान."

"मी? मी तठी जाऊन काय करू?"

"बाळंतपन करा. मी तं काही आता येत नाही."

"बाप कुठं बाळंतपनाले जाते का?"

"मंग कोन जाईन? तुमचा बाप?"

त्या दिवसापासून माझी शाळा सुरू झाली. चौथीनंतरची. ती खाटेवर पडल्या पडल्या शिकवायची आणि मी खाली बसून करायचो. पाय लांब करून त्यावर उशी आडवी घ्यायची, उशीच्या पाठीला तेल लावायचं, मान कशी धरायची, पाणी कुठून ओतायचं. माझे हात पाहून ती चिडायची. "हात हायत का खुरपं? उशी हाये म्हनून जिती हाये, पोर राह्यलं असतं तं रडून आभाय डोक्यावर घेतलं असतं." मग लाडू. मेथी भाजायची, दळायची, तुपात मुरू द्यायची. डिंक फुलवायचा, खोबरं किसून भाजायचं, खारीक, अळीव, सुंठ. "मेथी मुरू द्या, घाई करू नका. नाही तं लाडू कडू जहर होते." हे तिनं किती वेळा सांगितलं असेल, आणि दर वेळेस मी म्हणायचो, "हो ना बाप्पा, समजलं."

ती गेली. लेकीला डॉक्टरनं विमानात बसायला मनाई केली होती, म्हणून तिनं मायचं तोंड मोबाईलवर पाहिलं. आम्हाला पोरगा नाही, क्रियाकर्म मीच केलं. डोकं भादरलं आणि मिशी उतरवली. मिसरूड फुटल्यापासून जिला वस्तरा लागला नव्हता ती मिशी खाली पडली. मी आरशात पाहिलं नाही, पण ओठावर वारा लागला ते आठवतं.

तेरवी झाली नाही तोच जावयांचा फोन. "बाबा, व्हिसाचा फॉर्म आत्ताच भरावा लागेल. नंतर तारखा मिळणार नाहीत." फॉर्म ते तिकडूनच भरणार होते, मी फक्त फोटो पाठवायचा. नवा फोटो पाहिजे, मागं पांढरा पडदा, चष्मा नाही, टोपी नाही. मी बाजारातल्या फोटोवाल्याकडं जाऊन बसलो. त्यानं विचारलं, "काका, थोडं थांबता का? केस येऊ द्या." मी म्हटलं, "पोरीचे दिवस थांबते का?" काढला फोटो, गेला अमेरिकेला.

आता आमच्या शेठजींबद्दल सांगतो. बाजारओळीत त्यांचं किराण्याचं दुकान आहे. जैन माणूस, कांदा-लसूण खात नाही, पण दुनियाभरच्या भानगडी तोंडपाठ. त्यांचा पोरगा अमेरिकेत आहे, आणि शेठजी स्वतःचं खाणं डब्यात भरून तिकडं राहून आलेत. त्यामुळं मालेगावात अमेरिकेबद्दल काही विचारायचं तर त्यांच्या गल्ल्यापुढं उभं राहायचं. मी पासपोर्ट आणि मोबाईलमधला फोटो दोन्ही त्यांच्यापुढं ठेवले. त्यांनी एक पाहिला, दुसरा पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला.

"हे दोन मानसं हायेत," ते म्हणाले.

"दोन्ही मीच हावो शेठजी."

"मले मालूम हाये. गोऱ्या साहेबाले कसं मालूम पडन? पासपोर्टात मिशीवाला, फॉर्मात बिनमिशीचा. त्याले वाटन का हा बुढा दुसऱ्याच्या नावावर घुसून राह्यला."

मला घामच फुटला. तारीख तर मिळाली होती, मुंबईची. मिशीचे खुंट वर येऊ लागले होते. म्हणजे ठेवली तर फॉर्मसारखा दिसणार नाही, काढली तर पासपोर्टसारखा दिसणार नाही. न्हाव्याकडं गेलो. तो वस्तरा घासतच होता. "काढून टाकू काका, दोन मिनिटाचं काम. फॉर्म नवा हाये, नव्यासारखं दिसा लागते." शेठजींचं म्हणणं उलटं. "पासपोर्ट सरकारी हाये, मिशी वाढवा." बाजारातल्या लोकांना कामधंदा मिळाला. वांग्याच्या ढिगाशी बसलो की जो येईल तो भाव विचारायच्या आधी माझ्या ओठाकडं पाही. बायकोच्या शेजारी बसणारी भाजीवाली एकदा म्हणाली, "काहो भाऊ, मिशीचं राहू द्या. बाळंतिनीले शेक-शेगडीबी तुमीच देसान का?" मी म्हटलं, "देतो. तुले पायजे का?" बाई हसून हसून मिरच्यांवर पडली. हसली, आणि मग म्हणाली, "वहिनी असती तं तिनं मले जोडा मारला असता."

जावयांना विचारलं. ते म्हणाले, काही होत नाही बाबा, जसे आहात तसे जा. त्यांना मिशीच नाही. त्यांना काय विचारायचं?

शेवटी मी एक दिवस न्हाव्याच्या खुर्चीत बसलो. त्यानं साबण लावला. आणि वस्तरा ओठाजवळ आला तसा मी त्याचा हात धरला. आमच्याकडं मिशी उतरते ती घरातलं माणूस गेल्यावर. ती आता वाढत होती. फोटोसाठी पुन्हा उतरवली तर लोक विचारतील, आता कोण गेलं? मी काय सांगू? कोणी नाही, अमेरिकेनं सांगितलं म्हणून? मी साबण पुसून उठलो. न्हावी म्हणाला, "मंग व्हिसा नाही भेटला तं?" मी म्हटलं, "तं तुह्या नावानं बोंब नाही मारत." पण घरी येईपर्यंत डोक्यात एकच होतं. व्हिसा नाही मिळाला तर पोरगी दवाखान्यातून एकटीच पोर घेऊन घरी येईल, आणि मी इथं उशीला तेल चोळत बसेन.

शेठजींनी मग माझी तयारी घेतली. ते गल्ल्यावर साहेब होऊन बसायचे आणि मी तेलाच्या डब्यांपाशी उभा. गिऱ्हाईकं साखर घ्यायचं विसरून ऐकत राहायची.

"अमेरिका कायको जाना है?"

"बाळंतपन कराले."

"बस! झाला नापास. बाळंतपन म्हनाचंच नाही. साहेबाले वाटते हा बुढा पोर सांभायाच्या कामाले चालला. कामाचा व्हिसा येगळा राह्यते. तुमी म्हना, फिराले."

"फिराले."

"काय पाह्यसान?"

"तुमी सांगा ते पाह्यतो."

मग त्यांनी एक मोठा धबधबा सांगितला, हातात मशाल घेतलेल्या बाईचा पुतळा सांगितला, लाल रंगाचा पूल सांगितला. मी मेथीला पाणी देता देता घोकायचो. धबधबा, पुतळा, पूल. धबधबा, पुतळा, पूल. गोठ्यातल्या वासरापुढंसुद्धा म्हणून दाखवलं.

मुंबईला ट्रॅव्हल्सनं गेलो. पहिल्या दिवशी एका ऑफिसात बोटांचे ठसे घेतले. माझ्या बोटांना मेथीचा हिरवा आणि हळदीचा पिवळा कायमचा बसलेला. काचेवर बोटं दाबताना मला वाटलं, काच खराब झाली म्हणून ओरडतील. पण घेतले. आणि तिथं पुन्हा फोटो काढला! आता तिसरा माणूस तयार झाला, अर्ध्या मिशीचा.

दुसऱ्या दिवशी मोठ्या कचेरीत. मोबाईल आत नेऊ देत नाहीत, तो समोरच्या दुकानात ठेवायला दिला. रांगेत सगळे कडक इस्त्रीचे. कोणी पुटपुटत होतं, कोणी कागद चाळत होतं. मला वाटत होतं आपणच एकटे घोकून आलो, पण एक सुटाबुटातला माणूस डोळे मिटून इंग्रजीत धबधब्याबद्दलच बोलत होता. मला जरा धीर आला.

माझा नंबर लागला. काचेपलीकडं गोरी पोरगी, आमच्या लेकीच्याच वयाची. तिच्या बाजूला एक मराठी बाई, इकडचं तिकडं सांगायला.

"काका, अमेरिकेला कशासाठी जाताय?" मराठी बाईनं विचारलं.

"फिराले."

"काय काय बघणार तिथं?"

आणि बघा, डोकं कोरं झालं. धबधबा नाही, पुतळा नाही, पूल नाही. वासराला सगळं माहीत होतं, मला काही आठवेना. त्या दोघी माझ्याकडं पाहत राहिल्या.

"लेकीले," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"लेकीले पाह्याचं हाये. दुसरं काही पाह्याचं नाही मले. पोरीचं बाळंतपन हाये."

सुटलं तोंडातून. शेठजी गल्ल्यावर कपाळ बडवताना मला दिसले. पण आता सुटलंच होतं तर मी थांबलो नाही.

त्या बाईनं गोरीला सांगायच्या आधी स्वतःच विचारलं, "बाळंतपण तुम्ही करणार?"

"मंग कोन करन? तिची माय गेली. जायाच्या आधी मले सगळं शिकवून गेली. आंघोय, मालिश, लाडू. दवाखाना, सुया ते तठचे लोक पाह्यतीन. मी बाकीचं पाह्यतो. पैसे नाही घेत मी कोनाचे, माही लेक हाये थे."

तिनं इंग्रजीत बरंच काही सांगितलं. गोरीनं पासपोर्ट उघडला. एकदा त्यात पाहिलं, एकदा समोरच्या पडद्यावर, एकदा माझ्याकडं. पुन्हा तेच. मी समजलो, आता आली ती वेळ.

"मॅडम विचारतायत, पासपोर्टमध्ये तुम्हाला मोठी मिशी आहे, फॉर्मच्या फोटोत अजिबात नाही. ती काढली का?"

"बायकोसंगं गेली," मी म्हटलं.

मी एवढंसं बोललो होतो, तिनं मात्र गोरीला खूप वेळ सांगितलं, हातानं डोक्यावरून आणि ओठावरून वस्तरा फिरवून दाखवला. गोरी ऐकत होती. मग तिनं स्वतः, तोडक्या हिंदीत, मला विचारलं, "अब वापस आ रही है?"

"हो मॅडम. मेथीसारखी हाये. कापली का पुन्हा येते."

ती हसली. खरं हसली, दात दिसले. मग कागदाकडं पाहून मराठी बाईमार्फत पुढचं विचारलं. "मुलीकडं आवडलं तर तिथंच राहाल? परत कशावरून याल?"

सातबारा माझ्या पिशवीत होता, शेठजींनी वर ठेवायला लावला होता. तो काढायचं मला सुचलंच नाही.

"आवडन ना. लेकीकडं कोनाले आवडत नाही? पन बायकोचं वर्षश्राद्ध पुढच्या पानकळ्यात येते. आमाले पोरगा नाही, ते मलेच करावं लागते. हळद माहा भाऊ काढन, वांगे भाऊ तोडन. तिचं वर्ष भाऊ नाही घालू शकत."

गोरीनं काहीतरी टाईप केलं. मग माझा पासपोर्ट उचलला आणि आपल्या बाजूच्या टोपलीत टाकला. एक कागद खिडकीतून माझ्याकडं सरकवला. "थँक यू" म्हणाली.

पासपोर्ट जिवापलीकडं जपा, कोणाच्या हाती देऊ नका, असं शेठजींनी बजावलं होतं. आणि हिनं तर ठेवूनच घेतला!

"मॅडम, पासपोर्ट."

"काका, झालं तुमचं, जा आता," मराठी बाई म्हणाली.

"पासपोर्ट घेतल्याबिगर नाही जात. नाही म्हनाचं असन तं नाही म्हना, पन माह्यं बुक मले परत द्या. त्याच्यात माहा मिशीवाला फोटो हाये."

मागची रांग हसायला लागली. पहारेकरी दोन पावलं पुढं आला. मराठी बाईनं त्याला हातानं थांबवलं, आणि काचेजवळ तोंड आणून म्हणाली, "अहो काका, नाही म्हणायचं असतं तर आत्ताच परत दिला असता. ठेवून घेतला तो व्हिसा चिकटवायला. मिळाला तुम्हाला व्हिसा!"

मी तिच्याकडं पाहिलं, गोरीकडं पाहिलं. ती मान हलवत होती.

"ठेवा मंग," मी म्हटलं. "ठेवा, ठेवा. घाई नाही."

बाहेर पळतच आलो. या वयात पळालो. दुकानातून मोबाईल घेतला आणि लेकीला लावला. ती जागीच होती.

"मिळाला!" मी ओरडलो. रस्त्यावरचे लोक वळून पाहायला लागले.

तिकडून किंचाळी आली. "हळू," मी म्हटलं, "पोटातलं घाबरन."

"बाबा, काय इचारलं त्याहीनं?"

"मिशीचं इचारलं. अन् मी बाळंतपनाचं सांगून देलं."

"सांगून देलं? बाबा! हे अठी डोक्याले हात लावून बसले."

"त्याहिले म्हना हात काढा अन् तूप आनून ठेवा. गाईचं."

ती हसत होती आणि मग हसता हसता तिचा आवाज बदलला. "माय असती तं," म्हणाली. मी म्हटलं, "असती तं मले कोनी पाठवलंच नसतं." मग दोघंही पुन्हा हसलो. फोन ठेवला आणि दुसरा कोणाला लावावा ते कळेना. जिला पहिला लावायचा असतो ती नाही. मग शेठजींना लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी सांगतलं होतं ना, मिशी वाढवा!"

पासपोर्ट आला. व्हिसा त्यात चिकटलेला, त्यावर तो अर्ध्या मिशीचा फोटो. बाजारात सगळ्यांना दाखवला. भाजीवाली म्हणाली, "हा तिन्ही फोटोत चांगला हाये, मानूस वाटता." न्हाव्यानं पैसे न घेता मिशीची कडा नीट करून दिली.

आता जायची तारीख ठरली आहे. विमानतळावर काय चालतं, काय नाही, हे शेठजींनी दुकानाच्या पायरीवर बसून सांगितलं. लाडू चालतात, पण खायचं काही आहे का विचारलं तर लपवायचं नाही, आहे म्हणायचं. बाळाच्या टाळूसाठी मी वेखंड बांधून ठेवलं होतं, ते काढायला लावलं. मुळं, बिया, मातीतलं काही नेऊ देत नाहीत. वेखंडाची पुरचुंडी मी भिंतीतल्या कोनाड्यात परत ठेवली. मी मात्र मातीतलाच आहे, मला नेऊ देत आहेत.

काल लाडू केले. मेथी दळून आणली, तूप कढवलं, डिंक फुलवला. घरात कोणी ओरडायला नाही म्हणून सगळं पटापट झालं. इतकं पटापट की मेथी तुपात मुरायला ठेवायची राहूनच गेली. वळले, एक तोंडात टाकला, आणि डोळ्यात पाणी आलं. कडू जहर. खाटेकडं बघून मी म्हटलं, "हो ना बाप्पा, समजलं."

आज पुन्हा मेथी भिजवली आहे तुपात. ती चांगली मुरली की दुसऱ्यांदा वळेन, आणि तेच बॅगेत भरेन. कालचे फेकायचे नाहीत. ते मीच खातो आहे. सकाळी एक खाल्ला, आणि हे लिहिता लिहिता आणखी एक.